समजूत काढायला कोणी जायचं?

माझा डोंबिवलीत फोटो स्टुडिओ आहे आणि गेली वीस वर्षं मी लग्नांचे फोटो काढतेय. एवढ्या वर्षांत एका गोष्टीची माझी पक्की खात्री झाली आहे. आपल्याकडे माणसं लग्नाला जेवायला कमी आणि रुसायला जास्त येतात. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून आत्या रुसते, फेटा सगळ्यात शेवटी बांधला म्हणून काका रुसतो. रुसण्याचीही पद्धत ठरलेली असते. रुसलेला माणूस हॉल सोडून जात नाही. सगळ्यांना दिसेल अशी कोपऱ्यातली खुर्ची बघून तिथे बसतो. मग घरातलं कोणीतरी समजूत काढायला जातं. पहिल्यांदा तो मान फिरवतो, दुसऱ्यांदा "मला भूक नाही" म्हणतो आणि तिसऱ्यांदा उठतो. आपल्याला उठायचंच आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत असतं आणि समजूत काढणाऱ्यालाही माहीत असतं. तोवर मी फ्लॅशची बॅटरी बदलून घेते.

पण समजूत काढायला कोणी गेलंच नाही तर काय होतं, हे मी संचिताच्या लग्नापर्यंत पाहिलं नव्हतं.

संचिता कळव्याची. अठ्ठावीस वर्षांची, ठाण्यात एका विमा कंपनीत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तिच्या चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते, तेव्हापासूनची ओळख. एका शनिवारी ती प्रीतमला घेऊन स्टुडिओत आली. प्रीतम डोंबिवलीचाच. चष्मेवाला, शांत, हातातला मोबाइल कधीच खाली न ठेवणारा.

"ताई, आम्ही पळून लग्न करतोय," ती म्हणाली. "फोटो तूच काढायचे."

"मागे कोण लागलंय?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"मग पळताय कशाला?"

त्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, ते मला कळेना. लग्नाला कोणाचा विरोध नव्हता. प्रीतमच्या घरचे बोलणी करायला कळव्याला गेले होते. हॉल कुठला घ्यायचा याचं बोलणं चाललं होतं आणि संचिताचे वडील, सहदेवकाका, गावाकडे कसं असतं ते सांगायला लागले. देवाला पहिली पत्रिका, मग भावकी, मग मामाचा मान. संचिताला दिवसभराच्या धावपळीचा वैताग आलेला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पप्पा, तुम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्ही गप्प बसा ना." काका उठले. "मग तुमचं तुम्हीच करा लग्न. मी येणार नाही," असं म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? नाही येणार बोलले ना. तीन दिवस तोंड फुगवून बसलेले. चौथ्या दिवशी मी जाऊन रजिस्टर लग्नाची नोटीस देऊन आले."

"अगं, पण त्यांची समजूत कोणी काढली?"

संचिताने माझ्याकडे पाहिलं. "ते मम्मी करायची," ती म्हणाली.

तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली. घरात ही दोघंच. वडिलांना रुसता येतं आणि मुलीला शब्द धरून बसता येतं, मधलं माणूस उरलेलं नाही. प्रीतमच्या आईवडिलांनी वेगळीच भूमिका घेतली होती. मुलीचे वडील नसताना आम्ही नटूनथटून यायचं बरं दिसत नाही, त्यापेक्षा तुम्ही सह्या करून या, आम्ही घरी जेवणाचं बघतो. त्यामुळे लग्नाला फक्त साक्षीदार म्हणून तीन मित्र. आणि मी.

"पप्पांना नोटिशीचं माहीत आहे?"

"नाही."

"एकाच घरात राहता ना गं?"

"हो. बोलतो की आम्ही. सिलिंडर आला का, दूध आणलं का. सगळं बोलतो."

मी बुकिंगच्या वहीत नाव लिहिलं. लिहिताना पेनाचं टोक कागदात रुतत होतं, एवढा मला राग आलेला.

मग सुरू झालं प्रीतमचं नियोजन. त्याच्या मोबाइलमध्ये परदेशातल्या कोर्टांचे साठ-सत्तर फोटो होते. रुंद दगडी पायऱ्या, उंच खांब, जोडपं हातात हात घालून उतरतंय, मागे कोणी नाही. "ताई, असा फील पाहिजे," तो म्हणाला. मी दोघांना विवाह अधिकाऱ्याचं कार्यालय दाखवायला ठाण्याला घेऊन गेले. ते एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सची दुकानं, अर्ज भरून देणारे टेबलवाले आणि चहाची गाडी. जिना इतका अरुंद की खाली येणाऱ्याला वर जाणाऱ्यासाठी भिंतीला चिकटावं लागतं.

"पायऱ्यांवरचा शॉट?" प्रीतमने विचारलं.

"या पायऱ्यांवर? मागे 'थुंकू नका' लिहिलेलं येईल."

"मग कँडिड काय मिळेल?"

"टोकनची वाट बघताना जांभया मिळतील. तुझी आणि तिची."

शेवटी मला व्हरांड्याच्या टोकाला एक खिडकी सापडली. सकाळी तिथून बरा उजेड येत होता. जोडप्याचे फोटो तिथे घ्यायचे, केबिनमध्ये फक्त सह्यांचे, आणि नंतर तलावपाळीला, तळ्याच्या काठी, अर्धा तास, असं ठरलं. नोटिशीची महिन्याची मुदत संपते त्यानंतरचा पहिला सोमवार त्यांनी धरला. प्रीतम "पायऱ्या" म्हणून पुटपुटत राहिला, पण गप्प बसला.

मंगळवारी दुपारी दोनला मला फोन आला.

"फोटोवाल्या ताई का? मी सहदेव बोलतोय, कळव्यावरून. ओळखलंत ना?"

ओळखणार नाही तर काय. चुलतबहिणीच्या लग्नात फेट्यावरून रुसलेले काका हेच.

"आमच्या संचिताच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढताय ना? दुसऱ्या कोणाचे तिला पसंत पडायचे नाहीत."

माझ्या हातातला चहा टेबलावर सांडला. काकांच्या शेजारचा माणूस काहीतरी कामाला त्या कार्यालयात गेला होता. नोटीस बोर्डावर संचिताचं नाव, पत्ता, वय, सगळं वाचून, कारकुनाकडून तारीखही काढून आला आणि त्याने काकांना सांगितलं.

"तिला बोलू नका मला कळलंय ते," काका म्हणाले. "फक्त एक सांगायचं होतं. सोमवार धरलाय ना? सोमवारी अमावस्या आहे. तारीख बदलायला सांगा."

"काका, तुम्हीच सांगा की तिला."

"मी कशाला सांगू? मला कोणी विचारलंय?"

आता याला काय म्हणायचं! मी संचिताला फोन करून सांगितलं की सोमवारी माझं दुसरं बुकिंग आहे, बुधवार घे. ती थोडी कुरकुरली आणि तिने बुधवार घेतला.

मला वाटलं, संपलं. कुठलं काय. तीन दिवसांनी परत दुपारी दोनला फोन, म्हणजे संचिता ऑफिसात असताना. "ताई, हिरवा चुडा भरणार आहे का ती? नाहीतर हल्ली मोकळ्या हातांनी उभ्या राहतात पोरी. तिची मम्मी असती तर तिने भरला असता." मी संचिताला सांगितलं, साडी फिकी आहे, फोटोत हात उठून दिसायला हिरव्या बांगड्या घाल. पुढच्या आठवड्यात मुंडावळ्या. मी प्रीतमला सांगितलं, खिडकीच्या उजेडात तुमची कपाळं चकाकणार, मुंडावळ्या लागतील. प्रीतम म्हणाला, "ताई, पण आपला मिनिमल लूक ठरलेला ना?" मी त्याच्यावर खेकसले. गरीब बिचारा मुलगा, त्याचा काय दोष? पण एका रुसलेल्या बापाचं अख्खं लग्न माझ्या कॅमेऱ्याच्या नावाखाली पार पाडायचं म्हणजे माझ्याही सहनशक्तीला मर्यादा होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी काकांचा शेवटचा फोन आला. या वेळी काहीच काम नव्हतं. इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "तिने माझं नाव काढलं का हो कधी?"

"नाही काढलं," मी म्हणाले. खरं होतं ते सांगितलं. मग मला राहवेना. "काका, ती तुमच्या डोळ्यांसमोर दोन वेळा जेवायला बसते. तुम्हीच म्हणा, मी येतो. दोन शब्द आहेत."

"तिने बोलवायला नको मला? लग्न तिचं. मी काय असाच घुसू?"

"मग नका येऊ!"

"मी कुठे बोललो येतो म्हणून?" काका म्हणाले आणि फोन ठेवला. मी मोबाइल गल्ल्यावर आपटला. समोर पासपोर्ट फोटोसाठी बसलेला माणूस दचकला आणि त्याचे डोळे मिटलेले आले.

बुधवारी साडेदहाला आम्ही कार्यालयात पोचलो. संचिता घरून ऑफिसच्या ड्रेसमध्ये निघाली होती आणि मैत्रिणीकडे साडी नेसून आली. फिकट पिवळी साडी, हातभर हिरव्या बांगड्या. प्रीतमने कुर्ता घातला होता. तिन्ही मित्र आपापली आधार कार्डं हातात धरून बाकावर बसले होते. आमच्या आधी दोन जोडपी होती. त्यातल्या एका जोडप्याबरोबर दोन्हीकडचे मिळून वीसेक लोक, पेढे, हार, रडणारं तान्हं पोर. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

मी संचिताला खिडकीपाशी उभी केली आणि मुंडावळ्या बांधायला लागले. ती समोर बघत म्हणाली, "ताई, सोमवारी तुझं कोणाचं बुकिंग होतं गं?"

"होतं एक. का?"

"अमावस्येला कोण लग्न करतं?"

माझे हात थांबले.

"आधी अमावस्या, मग चुडा, मग हे," ती म्हणाली. "पप्पांचे फोन येतात ना तुला?"

"येतात," मी म्हणाले. आता लपवून तरी काय करणार?

"काय बोलतात?"

"संचिताने माझं नाव काढलं का, असं विचारतात."

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणून सांगितलं. काढलंस का तू?"

ती बांगड्या मागेपुढे करत राहिली. मला मात्र आता थांबणं शक्य नव्हतं. "अगं, तुला सगळं कळलेलं, त्यांना सगळं कळलेलं, आणि मी मधल्या मध्ये मुंडावळ्या विकत घेत फिरतेय! सकाळी निघताना काही बोललात की नाही?"

"पप्पा बोलले, उशीर होईल का? मी बोलले, होईल थोडा. चपात्या झाकून ठेवल्यात बोलले."

"चपात्या! धन्य आहात गं तुम्ही दोघं. आत्ता फोन कर त्यांना. कळव्याहून यायला अर्धा तास पुष्कळ झाला."

"आणि ते नाही बोलले तर?" संचिताचा आवाज एकदम बारीक झाला. "सगळ्यांसमोर मी त्यांना गप्प बसा बोलले. ते माझं चुकलंच. रोज वाटायचं आज बोलेन, उद्या बोलेन. आता इथे उभी राहून फोन केला आणि ते नाही बोलले, तर मला सही करायला जमणार नाही, ताई. मी अशीच घरी जाईन."

प्रीतमने हे ऐकलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्याने मोबाइल खिशात टाकला. तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. या क्षणाचा कँडिड मी काढला नाही. मला तिचा राग येत होता आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटत होता, म्हणून मी उगाच खिडकीबाहेर बघायला लागले.

खाली झेरॉक्सच्या दुकानाच्या बाजूला सहदेवकाका उभे होते.

मी कॅमेरा डोळ्याला लावून झूम केलं. तेच होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस तेल लावून चापून बसवलेले, हातात एक खाकी पाकीट. अगदी वरून कोणी पाहिलं तर दिसतील अशा जागी उभे होते आणि बघत होते मात्र रस्त्याकडे.

तेवढ्यात शिपायाने नाव पुकारलं. "प्रीतम आणि संचिता! तीन साक्षीदार घेऊन आत या."

"तुम्ही व्हा पुढे, मी आले," मी म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

"ताई! एंट्रीचा शॉट!" प्रीतम ओरडला.

"एंट्री गेली खड्ड्यात!"

जिन्यावर वर येणारी चार माणसं मी भिंतीला चिकटवली. खाली पोचले तेव्हा मला धाप लागली होती. काकांनी मला पाहिलं आणि पाकीट पुढे केलं.

"हा तिचा शाळेचा दाखला. ओरिजनल. माझ्या कपाटात राहिलेला. अडायला नको म्हणून द्यायला आलो. घेऊन जा वर."

"काका, कागदपत्रं महिन्यापूर्वीच तपासून झालीत. दाखल्याची काही गरज नाही. वर चला, नाव पुकारलं."

काका हलले नाहीत. "तिने पाठवलं का तुम्हाला?"

मी वर बघितलं. खिडकीत कोणी नव्हतं, म्हणजे ते आत गेले होते. शपथेचे कागद हातात दिले असतील. वीस वर्षं मी नवरीच्या आईला, नवऱ्याच्या मामाला, प्रत्येकाला तोंडावर खरं सांगत आलेय, आणि त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं घालवली आहेत.

"हो," मी म्हणाले. "तिनेच पाठवलं."

"काय बोलली?"

देवा! एखाद्याने पटकन निघावं की नाही? "बोलली, पप्पा खाली आलेत, त्यांना वर घेऊन ये."

"घेऊन ये बोलली? असंच?"

"अगदी असंच."

"मग स्वतः का नाही आली खाली?"

"काका, ती नवरी आहे! मुंडावळ्या बांधलेली नवरी समजूत काढायला जिने उतरते का कुठे?"

हे मात्र त्यांना पटलं. त्यांनी मान हलवली, पाकीट शर्टाच्या आत सरकवलं आणि निघाले. पहिल्या मजल्यावर थांबून त्यांनी हाताने केस सारखे केले. मी त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना अक्षरशः ढकलत होते.

केबिनच्या दारात शिपायाने हात आडवा धरला. "साक्षीदार तीन झाले. आत जागा नाही."

"मुलीचे वडील आहेत," मी म्हणाले.

शिपायाने काकांकडे एकदा पाहिलं आणि हात खाली घेतला.

आत टेबलाच्या पलीकडे अधिकारीबाई बसल्या होत्या. प्रीतमची शपथ होऊन गेली होती आणि संचिता कागद हातात धरून वाचत होती. आवाज इतका पडलेला की बाजूच्या मित्रालाही ऐकू येत नसावा. दाराचा आवाज झाला म्हणून ती वळली आणि वाचायची थांबली.

काका उंबऱ्यातच उभे राहिले. आत पाय टाकेनात. मुंडावळ्या, चुडा, साडी, त्यांनी सगळं नजरेखालून घातलं. मग म्हणाले, "तू बोलावलंस ना मला?"

संचिताने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि कॅमेऱ्याचा पट्टा उगाच गुंडाळत बसले. ती खरं बोलली असती तर काका तिथूनच परत फिरले असते, आणि त्यांना आत आणणारं पृथ्वीवर दुसरं कोणी नव्हतं.

"हो, पप्पा," संचिता म्हणाली. "कधीची बोलावतेय. तुम्हीच उशीर केलात."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी त्यांनी उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

वीस वर्षांत शेकडो रुसलेली माणसं मी कॅमेऱ्यातून बघितली आहेत. त्यातल्या एकाच्याही तोंडून हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. मला रडू आलं आणि सरळ सांगते, मी ते आवरलंही नाही.

शिपायाने स्वतःची खुर्ची आणून काकांना दिली. अधिकारीबाईंनी घड्याळ पाहिलं, बाहेरची रांग पाहिली आणि म्हणाल्या, "मुलीची शपथ परत होऊ दे. पहिल्यापासून. मोठ्याने वाच जरा."

संचिताने डोळे पुसले, कागद सरळ केला आणि मी संचिता सहदेव, असं म्हणून वाचायला सुरुवात केली. शपथ प्रीतमला द्यायची होती, तो शेजारीच उभा होता, पण सगळा वेळ ती काकांकडे बघत होती आणि काका एकेका शब्दाला मान डोलवत होते.